उंबरठ्यावरचा उजेड

कापडाच्या दुकानात साडी पसंत करताना आमच्या आया-मावश्या एक गोष्ट न चुकता करीत. दुकानदाराने गादीवर पंधरा-वीस साड्या उलगडाव्यात, त्यांतली एखादी मनात भरावी, भावही जवळपास ठरत यावा, आणि मग मावशीने ती साडी हातावर घेऊन सरळ दुकानाच्या उंबरठ्यापाशी जावे. आतल्या ट्यूबलाइटखाली जो रंग मोरपंखी वाटला तो बाहेरच्या उन्हात निळा निघतो की हिरवा, हे पाहिल्याशिवाय पदराची गाठ सुटत नसे. दुकानदारालाही त्यात अपमान वाटत नसे. उलट, "बाहेर नेऊन बघा, बाई," असे पुष्कळदा तोच म्हणे. गादीपासून उंबरठ्यापर्यंतच्या त्या पाच-सहा पावलांना आम्ही तेव्हा काहीच महत्त्व दिले नव्हते. आता ती पावले टाकण्याची सोयच उरली नाही, तेव्हा त्यांचे मोल ध्यानात येऊ लागले आहे.

आज दुकान आपल्या हातातल्या फोनमध्ये आले आहे. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले ते हौशी माणसांनी आपापली छायाचित्रे एकमेकांना दाखवावीत म्हणून. पुढे व्यापाऱ्यांनी ती जागा ओळखली आणि मोठ्यांच्या पाठोपाठ लहानही तेथे आले. २०१८ साली व्हॉट्सॲपने लहान व्यावसायिकांसाठी निराळी सोय केली, तिच्यात मालाची चित्रे मांडून ठेवता येतात. आमच्या वसईच्या धर्मग्रामांतूनच पाहावे : घरी केक करणारी कोणी भगिनी, मसाले व लोणची विकणारे एखादे जोडपे, मोगऱ्याचे हार करून देणारा तरुण, गल्लीच्या तोंडाशी शोभेच्या वस्तूंचे इवलेसे दुकान चालवणारे गृहस्थ, या सर्वांचे आता एक दुसरे दुकान आहे. त्याला भाडे नाही, पागडी नाही, आणि गिऱ्हाईक ठाण्याचे असो की पुण्याचे, त्याला सारखेच दार उघडे आहे. खिडकीपाशी टेबल ठेवावे, समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करावा म्हणजे सावल्या मऊ होतात, मागे एक साधी चादर ताणावी, आणि फोनने फोटो काढावा. शंभर रुपयांच्या आत हे साधते. ज्याला मुंबईच्या हमरस्त्यावर काचेची शोकेस कधीही परवडली नसती त्याला ती येथे परवडली, ही गोष्ट आम्ही न्यायाची मानतो. पुढे जे लिहिणार आहोत ते या न्यायाला विसरून नव्हे.

प्रश्न असा आहे. छायाचित्र वस्तूला शोभा आणते. शोभा आणणे म्हणजे खोटे बोलणे काय? आणि ते खोटे नसेल, तर खोटेपणा नेमका कोठे सुरू होतो?

दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा आपल्याला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली गेली ती साक्षीच्या संदर्भात, म्हणजे जिभेच्या संदर्भात. चित्राला जीभ नसते. म्हणून चित्राच्या बाबतीत आपला विवेक थोडा सैल असतो, असे आमचे निरीक्षण आहे. "मी कुठे काही खोटे लिहिले?" हे वाक्य कोणीही दुकानदार शुद्ध मनाने उच्चारू शकतो.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्यासाठी आम्ही मूर्तींचा एक संच असाच फोटो पाहून मागवला. फोटो सुरेख होता. योसेफाच्या हातातील काठीची गाठ दिसत होती, पवित्र मरियेच्या ओढणीला खऱ्या वस्त्राच्या घड्या होत्या, आणि तिघे राजे तर असे भारदस्त की गोठ्याचे छप्पर उंच करावे लागेल की काय, अशी घरात चर्चा झाली. आमच्या चिरंजीवांनी बांबू जादा आणूनही ठेवले. खोके आले ते मुठीएवढे. उघडून पाहतो तो तिन्ही राजे करंगळीएवढे, आणि बाळ येशू शेंगदाण्याहून थोडा मोठा. आम्ही रागाने पुन्हा तो फोटो उघडला. खाली बारीक अक्षरांत उंची सेंटीमीटरमध्ये दिलेली होती. फोटोत कशालाही हात लावलेला नव्हता, रंग खरे होते, घड्या खऱ्या होत्या. फक्त मूर्तींच्या शेजारी काहीच नव्हते : एखादी पेन्सिल नाही, नाणे नाही, माणसाचा हात नाही. आमचे डोळे जे मोजू शकले नाहीत ते आमच्या मनाने आपल्या इच्छेप्रमाणे मोजून घेतले. आमच्या पत्नीचे म्हणणे, चूक सर्वस्वी आमची, वाचायला हवे होते. चिरंजीवांचे म्हणणे, चूक दुकानाची. त्या वर्षी गोठा बांबूंचा आणि राजे करंगळीएवढे, असा तो देखावा झाला. शेजारच्या मुलांना मात्र तोच फार आवडला. असो.

या घरगुती वादामुळे एक जुना खटला आठवला. अमेरिकेतील कॅम्पबेल या प्रसिद्ध सूप कंपनीच्या जाहिरातींबाबत १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथील फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. आक्षेप असा की, जाहिरातीसाठी सूपच्या वाडग्याचे चित्रण करताना तळाशी काचेच्या पारदर्शक गोट्या घातल्या होत्या. तुमची आमची मुले खेळतात त्याच गोट्या. त्यामुळे तळाशी बसणाऱ्या भाज्या वर उचलल्या गेल्या आणि वाडगा भाज्यांनी गच्च भरलेला दिसला. १९७० साली तडजोडीचा आदेश निघाला आणि हा प्रकार थांबला. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांना एवढ्याने समाधान वाटेना. कंपनीने लोकांपुढे येऊन आधीची चूक सांगावी, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

त्या गोट्यांचा आम्ही बराच विचार केला आहे, कारण दुसरी बाजूही अगदीच पोकळ नाही. सूपमध्ये भाज्या होत्याच. त्या तळाशी जातात हा त्यांचा दोष नव्हे, जडपणा आहे. वरून साधा फोटो काढला असता तर नुसते पाणीच दिसले असते, आणि ते चित्रही एका अर्थी असत्यच ठरले असते. मग भाज्या दिसाव्यात म्हणून त्या वर उचलल्या तर बिघडले काय? बिघडले ते असे की, वाडगा पाहणारी गृहिणी वर दिसणाऱ्या भाज्यांवरून खालच्या भाज्यांचा अंदाज करते. वर इतक्या, तर तळाशी किती असतील! तळाशी काच आहे हे तिला ठाऊक नाही. छायाचित्रकाराने भाज्या दाखवल्या याला आमची हरकत नाही. त्याने तिच्या अंदाजाचा उपयोग तिच्याच विरुद्ध केला, याला आहे. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला रसरशीत फळे मांडणारा बागवान हेच करतो. पण तेथे निदान हात घालून खालचा थर उचलून पाहता येतो.

हात घालून पाहता येते की नाही, याच मुद्द्यापाशी आम्हांला संत थॉमस अक्वायनास यांची आठवण होते. तेराव्या शतकात त्यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो ७७वा प्रश्न. विक्रेत्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे काय, असे ते विचारतात आणि दोषांचे दोन प्रकार पाडतात. जो दोष झाकलेला आहे आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याच्यावर संकट येईल, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. पण दोष उघड असेल, तर तो तोंडाने सांगत बसण्याची सक्ती नाही. मात्र किंमत त्या मानाने कमी हवी. उदाहरण ते घोड्याचे देतात : घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते.

हे उदाहरण वाचताना आमच्या मनात आले, त्या घोड्याचा आज फोटो काढायचा झाला तर? छायाचित्रकार घोड्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला उभा राहील. मान डौलदार, आयाळ वाऱ्यावर, डोळा तेजस्वी. चित्रातला एकही केस खोटा नसेल. आणि तरीही संत थॉमसांच्या काळी जो दोष बाजारात प्रत्येकाला दिसत होता तो क्षणात झाकलेला दोष झाला. घोडा बदलला नाही, मालक बदलला नाही. घेणाऱ्याला घोड्याभोवती फेरी मारता येत नाही, एवढेच बदलले.

आमचे म्हणणे जे आहे ते हेच. समोरासमोरच्या व्यापारात विक्रेता पुष्कळ गोष्टींबाबत निर्धास्तपणे गप्प राहू शकत असे, कारण गिऱ्हाईकाचे डोळे, बोटे, नाक हे सारे तेथे हजर होते. भेंडीचे टोक मोडून पाहिले जाई, नारळ कानाशी हलवला जाई, मासळीचा कल्ला उचलून पाहिला जाई. गिऱ्हाईकाच्या या चौकशीवर विक्रेत्याचे मौन उभे होते. छायाचित्रात ही सारी इंद्रिये गिऱ्हाईकाने विक्रेत्याच्या स्वाधीन केलेली असतात. तो जेथून पाहील तेथूनच गिऱ्हाईक पाहणार. अशा वेळी वस्तूचा जो भाग चित्रात आला नाही तो सगळाच झाकलेला भाग होतो, आणि जुन्या मौनाचा आधार सुटतो. म्हणून तेच दुकान, तोच माल, तोच प्रामाणिक माणूस असूनही फोनवर विकताना त्याचे कर्तव्य वाढते. पूर्वी जे गिऱ्हाईकाने विचारायचे होते ते आता त्याने आपण होऊन दाखवावयाचे आहे.

याला मर्यादाही आहे, आणि ती संत थॉमसांनीच घालून दिली आहे. सिसेरोने एक प्रसंग कल्पिला होता : ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन पोचतो, आणि मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे काय? सिसेरोच्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञ यावर वाद घालतात. संत थॉमस मात्र सौम्य उत्तर देतात. उद्याच्या भावाची बातमी न सांगितल्याने व्यापारी न्यायाचा भंग करीत नाही, सांगितली तर तो अधिक सद्गुणी ठरेल. तात्पर्य, शेजारच्या दुकानात हीच बरणी वीस रुपयांनी स्वस्त आहे, असे फोटोखाली लिहिण्याची आमची कोणाला सूचना नाही. वस्तूबद्दलचे सत्य देणे लागते. बाजाराबद्दलचे सगळे सत्य देणे लागत नाही.

व्हॅटिकनच्या सामाजिक संप्रेषणविषयक परिषदेने १९९७ साली जाहिरातींच्या नीतीवर एक पत्रक काढले होते. इन्स्टाग्राम तेव्हा जन्मालाही आले नव्हते. त्यात हा बारकावा स्पष्ट सांगितला आहे की, धडधडीत खोटे बोलणाऱ्या जाहिराती हा प्रश्नाचा एक भाग झाला. नसलेले सुचवून किंवा आवश्यक ते वगळूनही सत्य वाकवता येते. आपल्या देशातही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ऑनलाइन व्यापाराचे नियम आले आणि मालाचे चित्र मालाशी जुळले पाहिजे ही अपेक्षा त्यांत लेखी झाली. पण कायद्याचा हात घरगुती लोणच्याच्या बरणीपर्यंत क्वचितच पोचतो. तेथे विवेकालाच जावे लागते.

आता विवेकाची अडचण सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणे म्हणजे घोड्याचा एकाच बाजूने काढलेला फोटो होईल.

आमच्या परिचयातील एक कुटुंब अजूनही सुकेळी करते. वसईत आता अशी घरे थोडी उरली आहेत. राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, रोज परतायची, दवापासून जपायची, आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात बांधायची. साखर नाही, रंग नाही, नुसते केळे आणि ऊन. चव अशी की ज्याने एकदा खाल्ली तो विसरत नाही. पण रूप? तपकिरी, सुरकुतलेले, चिकट. देवाने त्याला चव देताना रूपाकडे लक्ष दिले नाही, असे घरातील आजी म्हणत.

या घरातील मुलीने गेल्या उन्हाळ्यात विक्रीची सूत्रे हाती घेतली. तिने सुकेळ्यांवर साखरेच्या पाकाचा हलका ब्रश फिरवला, फोटो काढला, आणि फोनमध्येच रंग थोडा सोन्याकडे वळवला. फोटो मधासारखा चमकत होता. चार दिवसांत तिच्या पानाला चारशेच्या वर नवे फॉलोअर मिळाले. (या शब्दाला मराठीत 'अनुयायी' म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी करीत नाही, याचे आम्हांला बरे वाटते.) मागण्या आल्या, पुडकी गेली. आणि मग दोन-तीन ठिकाणांहून निरोप आले : माल काळा पडलेला आहे, जुना दिसतो, पैसे परत करा.

माल उत्तम होता. त्या मोसमातील पहिली सुकेळी होती ती. आईने पैसे परत केले, पण तिला लागले ते पैशाचे नव्हे. "माझी सुकेळी खराब म्हणून लोकांनी टाकून दिली," ती आम्हांला म्हणाली, "आणि ती खराब नव्हती." खोट्या चित्राने खऱ्या वस्तूलाच खोटे ठरवले, असा हा प्रकार होता. गिऱ्हाईक फसले हे खरेच, पण आधी फसवणूक झाली ती सुकेळ्यांची. सोनेरी नसणे हा त्यांचा दोष कधीच नव्हता. तो त्या फोटोने निर्माण केला.

मुलीला आम्ही चार शब्द सांगावेत, असा आईचा आग्रह होता. आम्ही गेलो. पण मुलगी विचारी निघाली. ती म्हणाली, "काका, पाक लावला ती माझी चूक, मी मानते. पण त्यानंतर मी अगदी जसाच्या तसा फोटो टाकला, तो चाळीस जणांनीसुद्धा पाहिला नाही. लोक बोट सरकवतात नि पुढे जातात. इथे कोणाचे चित्र वर दिसायचे ते यंत्र ठरवते. लोक थांबले नाहीत तर ते मला आणखी खाली ढकलते. मग सुकेळी करणारे घर आहे, हे कळणार कोणाला?" तिचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. २०१६ पासून इन्स्टाग्रामवर चित्रे आलेल्या क्रमाने दिसेनाशी झाली. पाहणाऱ्याला काय रुचेल याचा अंदाज बांधून ती लावली जाऊ लागली. बाजारात उशिरा आलेल्या म्हातारीलाही टोपली मांडायला कोपरा मिळत असे. येथे कोपराही नजरा मोजून मिळतो. मोठ्या कंपनीला अशा नजरा पैसे मोजून आणता येतात. या मुलीजवळ फक्त फोटो होता.

आई म्हणाली, "मग नाही कळले तर नाही कळले." मुलगी म्हणाली, "आई, मग तू दमलीस की सुकेळी संपली." त्यावर आई काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. खरे सांगायचे तर आमच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते, आणि आजही ते पूर्ण आहे असे नाही. जे सत्य कोणाच्या नजरेलाच पडत नाही त्याने पोट भरत नाही, हे त्या मुलीचे दुःख आम्हांला खोटे ठरवता येत नाही. प्रामाणिकपणाची किंमत वाचकांनी चार-दोन पुडकी मागवून उचलली पाहिजे, एवढे म्हणता येईल. पण ते म्हणणे सोपे आहे, आणि आम्ही स्वतः गोठ्याच्या मूर्ती घेताना सर्वांत देखणा फोटो कोणता एवढेच पाहिले होते.

थोड्या वेळाने मुलीने फोन पुढे केला. "हा बघ, आई, जसाच्या तसा म्हणून मी ट्यूबखाली काढलेला फोटो. ही आपली सुकेळी आहेत का?" आईने चष्मा लावून पाहिले. चित्रातील सुकेळी हिरवट काळी दिसत होती. "नाही गं, इतकी काळी कुठे असतात?" "मग हाही खोटाच झाला की." फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि पुष्कळदा चुकतो. कशालाही हात न लावलेला फोटो आपोआप खरा असतो ही आमचीही समजूत त्या दुपारी गेली. रंग दुरुस्त करणे आणि रंग चढवणे एकाच बटणाने होते. दोहोंतला फरक फोनला ठाऊक नसतो, वस्तू ज्याने हाताळली आहे त्यालाच ठाऊक असतो.

मग मायलेकी परडी घेऊन ओट्यावर आल्या. पाक नाही, चादर नाही. आईने एक सुकेळे मधोमध मोडून तळहातावर धरले. मोडल्यावर आतला मधाळ तांबूस रंग दिसतो, हे मुलीच्या इतके दिवस ध्यानात आले नव्हते. बाहेरून रूप नसलेल्या त्या वस्तूचे रूप आत होते. मुलीने दोन-तीन फोटो काढले आणि आईला दाखवले. आईने एकवार हातातील सुकेळ्याकडे, एकवार फोनकडे पाहिले, पुन्हा हाताकडे पाहिले. "सुरकुत्या दिसू देत," ती म्हणाली, "आणि ते काळे टोकही येऊ दे." मुलगी कोन बदलू लागली, पण तोवर ऊन वाडीतल्या माडांमागे गेले होते. परडी झाकून आत नेताना आई म्हणाली, "आज राहू दे. उद्या दहाच्या उन्हात काढू."